गंजाड ते अच्छाड: फिल्टरच्या मागची धूळ

गंजाडहून गवताचे भारे भरून निघालो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. ट्रक बाबांचा, चालवतात तेच. मी शेजारी. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि हे मी ताठ मानेनं सांगतो. त्याच तोऱ्यात मागच्या महिन्यात मी ट्रकचा कागदी एअर फिल्टर काढून बाहेरच्या कंपनीचा, धुऊन पुन्हा वापरायचा कापडी फिल्टर बसवला होता. इंजिनाला जास्त हवा मिळते, गाडी जोमानं ओढते, असं वाचलं होतं. बाबा एवढंच म्हणाले होते, "तू शिकलेला. बसव."

तलासरीच्या अलीकडे रस्त्याचं काम चाललेलं. खडीची पांढरी धूळ काचेवर बसत होती. चढावर ट्रक नेहमीसारखाच कण्हत चढला. फरक वाटतो का, विचारलं. बाबांनी गिअर बदलला.

अच्छाडला, गुजरातच्या वेशीवर, ट्रकांची रांग होती. घरची तांदळाची भाकरी आणि सुकट (सुकवलेली बारीक मासळी) खाऊन मी शेजारच्या गॅरेजवाल्या गुजराती काकांना कौतुकानं फिल्टर दाखवायला नेलं. त्यांनी त्याच्यामागचा रबरी पाइप सोडवला, आत बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोट धुळीनं करडं झालं होतं. म्हणजे धूळ फिल्टर ओलांडून इंजिनाकडे चालली होती. पूर्वी बाबा दर खेपेला असंच बोट फिरवायचे. आता गरज नाही, असं मीच सांगितलं होतं.

"चोख्या (स्वच्छ) रस्त्यावर ठीक. इकडे नहीं चाले (चालणार नाही). हवा जास्त घेते, तर धूळपण जास्त घेते. इंजिन घासून जाईल."

याच इंजिनानं मला कॉलेजात पोचवलं होतं. काकांनी ट्रक चालू करून धूर बघितला, आवाज ऐकला. इंजिन अजून वाचलंय, म्हणाले.

"बाबा, तुम्हाला कळलं होतं?"

"ताकद तेवढीच आहे, हे पहिल्याच चढावर कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"एवढं वाचून आणलंस."

त्यांनी सीटमागून जुना कागदी फिल्टर काढला आणि सवयीनं झटकायला टायरवर आपटला. काकांनी हात धरला. आपटून कागद फाटतो, नवाच टाका म्हणाले. बाबा हसले. "चल, दोघंही नापास."

पाइप पुसून काकांकडचा नवा कागदी फिल्टर बसवला. वापीला भारे उतरवून त्याच धुळीतून परतलो. आमच्यासारख्या रस्त्यांना बाहेरचा फिल्टर परवडत नाही, हे आता मी कुणालाही सांगेन. कागदीच बरा, वेळेवर बदलला तर. पण माझ्या मनात तेवढंच नव्हतं. वाचलेलं मी बाबांना सांगितलं होतं, त्यांच्या हाताला काय कळतं ते कधी विचारलं नव्हतं.

गंजाडला उतरल्यावर बाबांनी पाइप सोडवला आणि बाजूला झाले.

"तू बघ."

मी आत बोट फिरवलं. कोरं निघालं. बाबांनी ते उजेडाकडे वळवून नीट पाहिलं, मगच पाइप लावला.