विम्याच्या डॉक्टरापुढे मी खोकलो

चहा घ्या, पण घोट तोंडात धरून ऐकू नका. सांडेल! माझा गाढवपणाच तसा आहे. गावातलं दुसरं कोणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगून टाकतो.

मी पाटबंधारे खात्यात चौकीदार होतो. शाळा चौथीत सुटली, पण नोकरीत एक विद्या पक्की शिकलो. सरकारी डॉक्टरापुढे आजारी कसं दिसायचं! रजा पाहिजे? चला सिव्हिलला. दारातून लंगडत शिरायचं, टेबलाजवळ खोकायचं, डॉक्टरानं वर पाहिलं की डोळे मिटायचे. आठ दिवसांचा दाखला हातात! धडधाकट माणसाला सरकार कधी काही देतं का? तुम्हीच सांगा.

रिटायर झालो आणि त्याच पावसाळ्यात खरोखरचा हिवताप आला. पेन्शनर म्हणून सिव्हिल फुकट, पण खाट कुठं रिकामी असते? चार दिवस व्हरांड्यातल्या फरशीवर काढले. अक्का, म्हणजे आमची बायको हो, आमचं सारं असोदा गाव तिला अक्का म्हणतं म्हणून मीही म्हणतो, ती उशाशी बसून होती. घरी आल्यावर म्हणाली, "पुन्हा तुम्हाले त्या फरशीवर पाहणार नाही मी. सांगून ठेवते."

नुसतं बोलून थांबेल ती अक्का कसली! शेजारचा प्रभाकर तेव्हा आजारपणाचा विमा विकायला लागला होता. असा विमा नवीनच निघाला होता. तिनं त्याला ओट्यावर आणून बसवलं.

"आबा, सिव्हिल तर तुम्हाला आहेच," प्रभाकर म्हणाला. "हा विमा त्याच्या जोडीला, वरून. खाजगी दवाखान्यात खाट घ्या, खर्च कंपनी देईल. यात लहान आहे, मोठा आहे. कोणता लिहू?"

"मोठा! सरकारचं धोतर कमरेला आहेच. वरून कोट घ्यायचा तर अंगभर घे."

"दोघांचाही लिहितो. फक्त जळगावला कंपनीच्या डॉक्टरकडं तपासणी आहे. जसं आहे तसं सांगा, आबा."

तपासणी! म्हातारा बैल जत्रेतला ढोल ऐकून कान टवकारतो ना, तसं माझं झालं.

एसटीत बसल्याबसल्या मी अक्काला शिकवायला लागलो. "तिथं कण्हत राहा. गुडघा धरून बस."

"मले काय झालं गुडघ्याले?"

"काही झालं नाही म्हणालीस तर विमा देतील का तुले?"

"तुम्ही धरा तुमचा गुडघा. मी खोटं बोलणार नाही बापा!"

डॉक्टरानं आधी तिलाच विचारलं. ही म्हणते, "काही त्रास नाही साहेब. केळीचा घड डोक्यावर घेऊन चालते मी." मी कपाळावर हात मारला. बाई हातातला घास घालवते की काय!

मग माझी पाळी. लंगडत उठलो. असा खोकलो, असा खोकलो, की बाहेरचे दोन पेशंट उठून दाराशी आले. "दम लागतो साहेब. छाती धडधडते. चक्कर येते. रक्तात साखर आहे." साखर आमच्या थोरल्या भावाला होती, पण घरातलीच की! अक्का मागून सदरा ओढत होती. मी कशाला थांबतो? डॉक्टर लिहीत होते. एक कागद भरला, त्यांनी दुसरा घेतला. माझी छाती फुगली. अख्ख्या नोकरीत दुसरा कागद कोणी घेतला नव्हता!

पंधरा दिवसांनी प्रभाकर आला. हातात पॉलिसी एकच. अक्काची.

"आणि माझी?"

"तुमची नाही म्हणाले, आबा. फार आजार लिहिलेत."

"अरे, मग आजाऱ्याला नाही आणि धडधाकट बाईला देता? ही कुठली रीत?"

"आग लागल्यावर कोण विहीर खणून देईल, आबा? दुखणं यायच्या आधीच घ्यायचा असतो विमा."

हे आधी सांगायला काय झालं होतं याला? सांगितलंही असेल. मी ऐकलं नसेल.

अक्कानं पॉलिसी घडी करून ट्रंकेत ठेवली आणि पाठ फिरवून भाकरी थापायला बसली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सायकल काढली. असोद्यापासून जळगाव दामटत गेलो आणि थेट त्या डॉक्टरापुढे उभा राहिलो. "साहेब, मी ठणठणीत आहे. मागचं सगळं खोटं!"

"दोन आठवड्यांत दमा गेला, साखर गेली?" डॉक्टर हसले. "कोणाचं औषध? मलाही सांगा."

"थांबा, दाखवतो!" म्हणालो आणि तिथंच बैठका मारायला लागलो. एक, दोन, तीन… आठवीपर्यंत बरं होतं. नवव्या बैठकीला कमरेत कट्‌ झालं आणि मी खाली बसलो तो बसलोच.

तिथून उचलून कुठं नेणार? सिव्हिलला! निरोप मिळताच अक्का धावत आली. तिथल्या तरुण डॉक्टरानं विचारलं, "आजोबा, काय होतंय?"

आणि बघा, या वेळी खरंखुरं दुखत होतं, आणि सकाळपासूनचं घोकलेलं तोंडातून निघून गेलं, "काही नाही साहेब, ठणठणीत!"

"मग घरी जा की."

"खोटं बोलतात ते!" अक्का ओरडली. "उठता येत नाही त्यांले!"

खाट अर्थातच नव्हती. तोच व्हरांडा, तीच फरशी. सगळ्या व्हरांड्यात विमा असलेली एकटी आमची अक्का, आणि तीही माझ्या उशाशी फरशीवरच.