नसलेल्या देशाचे परराष्ट्रमंत्री

पापाटोएटो उपनगरातल्या आमच्या फार्मसीत ते आजोबा मुलीबरोबर ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला यायचे. एकदा गोळ्या तयार होईपर्यंत ती सहज म्हणाली, "बाबा आमचे फॉरेन मिनिस्टर होते."

"कुठल्या देशाचे?" मी विचारलं.

"तो देश आता नाहीये," आजोबा म्हणाले.

हसावं की हळहळावं, मला कळेना. मग तेच सांगू लागले. पॅसिफिकमधलं त्यांचं बेट मूळ देशापासून फुटून निघालं होतं. हे शाळामास्तर, इंग्रजी चांगलं म्हणून परराष्ट्र खातं यांच्या गळ्यात पडलं. आम्हाला देश म्हणा, अशी जगाला विनवणी करायची, एवढंच काम. कुणीच म्हटलं नाही. काही आठवड्यांत सगळं आटोपलं, आणि "आम्ही परत येतो" हे सांगायला मूळ देशाच्या राजधानीत यांनाच धाडलं.

"आम्हाला मान्यता द्या म्हणून भारतालाही कळवलं होतं," ते माझ्याकडे बघत म्हणाले.

मी पटकन "सॉरी" म्हणून गेले. का, देव जाणे.

त्यांच्या वाढदिवसाचं मला आमंत्रण आलं. चर्चच्या हॉलमध्ये त्यांनी मला थेट आपल्या शेजारी बसवलं आणि माइकवर जाहीर केलं, "या भारताकडून आल्यात." टाळ्या पडल्या. मी तर जवळच्याच बॉटनी डाउन्स उपनगरातून आले होते! इथल्या रीतीने "किया ओरा" आणि आपलं "नमस्कार", एवढंच कसंबसं बोलून खाली बसले.

जेवण वाढलं तोच समोरच्या टेबलावरचे एक म्हातारे गृहस्थ उठले आणि ताटाला हात न लावता निघून गेले. आपलंच काही चुकलं का?

"तुमच्यामुळे नाही," मुलगी कानाशी म्हणाली. "तो माझा काका. बाबांनी राजधानीत जाऊन देश विकला, असं तो म्हणतो. आत्या म्हणते, बाबा गेले म्हणून लढाई टळली, माणसं वाचली."

"आणि बाबा काय म्हणतात?"

"दर वेळी वेगळंच."

आजोबांनी भावाचं ताट उचललं आणि ते बाहेर पार्किंगमध्ये गेले. खिडकीतून दिसत होतं. भाऊ गाडीत काच लावून बसलेले, हे ताट घेऊन उभे. मग काच खाली झाली, ताट आत गेलं आणि गाडी निघाली.

आजोबा रिकाम्या हातांनी परत आले. मुलीने विचारलं, "काय म्हणाला?"

"काही नाही. ताट घेतलं," ते म्हणाले.

हे चांगलं झालं की वाईट, त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही.