ईनबाईंनी गहू भिजवले

जगातला सगळा पसारा दोघांनाच दिसतो, एक देवाला आणि दुसरा माझ्या विहीणबाईंना. फरक एवढाच, की देवाला तो बघवतो. डोणगावच्या या ईनबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी पाणी मागतात, आणि पाणी हातात येईपर्यंत त्या घरातल्या डब्यांनी जागा बदललेल्या असतात. माझ्या लेकीच्या साक्षगंधाला आम्ही साडीचं ताट घेऊन त्यांना घरभर शोधत होतो, तर नवरदेवाची आई मांडवाच्या तोंडाशी बसून दोन्हीकडच्या पाहुण्यांच्या चपला जोडीजोडीने लावत होती, त्याही पायाच्या मापाप्रमाणे! जेवून उठलेला अख्खा मांडव अनवाणी भटकला. आमच्या ह्यांचा पाय लहान, त्यामुळे त्यांची चप्पल बायकांच्या रांगेत निघाली. ती पायात घालत हे म्हणाले, "पोरीचं बरं होईन. या घरी तिची कोणती चीज हरपत नाई."

एसटीतही बाईंना चैन नसतं. मेहकरला उतरणाऱ्यांच्या पिशव्या दाराशी, चिखलीवाल्यांच्या मधे आणि बुलढाण्याच्या मागे, अशी व्यवस्था त्या गाडी सुटायच्या आत लावून टाकतात. एकदा कंडक्टर वैतागून म्हणाला, "मावशी, आता घंटीबी तुमीच वाजवा," तर यांनी खरोखर दोरी ओढली. रागावावं तरी कसं? त्यांच्या चेहऱ्यावर उपकार केल्याचा भाव नसतो, घरचं काम उरकल्याचा असतो.

अशा बाईंच्या नजरेस माझं घर पडू नये, एवढीच माझी इच्छा होती. थंडीत हे गेले आणि उन्हाळा लागेपर्यंत मी घरात कशालाही हात लावला नाही. टीव्हीवर चहाचे कप, खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग, गच्चीत मोडक्या खाटा. मी आळशी नव्हे हो; पण वस्तू जागेवर नाही म्हणून ओरडणारं माणूसच नसलं, की जागा तरी कशाची उरते? लेक पुण्याहून रोज फोन करायची, "आई, घराले कुलूप लाव अन् इकडे ये." मी हो म्हणून टाकलं, कारण नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो. सामान बांधायला तिने आपल्या सासूला धाडलं.

बाई सुतळीचं बंडल घेऊन आल्या, घरभर हिंडल्या आणि धान्याच्या कोठीत डोकावून आल्या. दुपारी माझा डोळा लागला. उठून बघते तर मोरीजवळ मोठ्या भांड्यात, आमच्या गंजात, कोठीतले गहू भिजत पडलेले.

"हे काय, ईनबाई?"

"कुरोड्याचे गहू. भिजू घातले म्या."

"कोणाले इचारून?"

"गव्हाले इचारून. पाणी रोज बदलजा, नाई तं घर वास मारीन. गल्लीतल्या बायाइले सांगून ठेवलं म्या. चीक शिजवाच्या दिवशी सोऱ्या घेऊन येतो मी." आणि बाई संध्याकाळच्या गाडीने चक्क निघून गेल्या! सुतळीचं बंडल तसंच पडून राहिलं.

भिजलेला गहू माणसाच्या दुःखासाठी थांबत नाही. पाणी ओतायचं म्हणून मोरी मोकळी केली. चीक गाळायला मोठं पातेलं हवं म्हणून माळा उपसला. कुरोड्या घालायच्या म्हणून गच्ची झाडली, बाया बसणार म्हणून पुढची खोली आवरली. मनात मी त्या बाईंना शिव्या देत होते आणि हात कामाला लागले होते. कित्येक दिवसांनी मला सपाटून भूक लागली.

ठरलेल्या दिवशी त्या पहिल्या गाडीने हजर झाल्या. चीक शिजला, बाया जमल्या, आणि ऐनवेळी गच्चीवर अंथरायला पांढरं कापड कमी पडलं. जगातलं कुठलंही कपाट न विचारता उघडणारी ही बाई ह्यांच्या कपाटासमोर गेली आणि दोन्ही हात पदराखाली घेऊन उभी राहिली.

"इथं मी हात लावत नाई. तुमचं तुमी पाहा."

मी कपाट उघडलं. ह्यांची धोतरं घडी घालून ठेवलेली होती. ती छातीशी धरून मी पोटभर रडले, आणि मग वर जाऊन अंथरली. मग शेजारीण म्हणाली, "भाऊजीच्या धोतरावरच्या कुरोड्या, पाहा कशा फुलतीन!" आणि सगळ्याजणी हसल्या, मीसुद्धा.

उन्हं कलल्यावर लेकीचा फोन आला, सामान बांधून झालं का म्हणून. मी सांगितलं, "नाई बाप्पा. मी इथंच राह्यतो. भेटाले येईन, कुलूप नाई लावत."

बाया गेल्यावर आम्ही दोघीच चिमण्या हाकत गच्चीवर बसलो. विहीणबाई बराच वेळ एका कुरोडीची कड उगाच सारखी करत होत्या. मग खालीच बघत म्हणाल्या, "मले लय भेव वाटत होतं. पोरगं पुण्याले, सून पुण्याले. तुमीबी गेल्या असत्या तं मी आपल्या मानसाचं घर म्हणून कोठी गेली असती?"

विहिणीला मान द्यायचा असतो, साडीचोळी द्यायची असते. आभार मानायची रीत आमच्याकडे नाही. मी त्यांचा चिकाने चिकट झालेला हात हातात घेतला आणि अंधार पडेपर्यंत सोडला नाही.