बाबांना दिसलेला ठिपका

बाबांनी साकीनाक्याच्या एका कारखान्यात आयुष्यभर मीटर जुळवले. काटा केसभर चुकला तरी त्यांना नुसत्या नजरेने कळायचं. आई गेल्यावर ते माझ्याकडे मुलुंडला आले आणि दिवस कसा काढायचा हा प्रश्न उभा राहिला.

मी शाळेत विज्ञान शिकवते. लघुग्रह शोधण्याच्या एका उपक्रमात मी माझ्या वर्गाचं नाव दिलं होतं. परदेशातल्या दुर्बिणीने आकाशाच्या एकाच तुकड्याचे काही मिनिटांच्या अंतराने काढलेले चार फोटो यायचे. ते कॉम्प्युटरवर एकामागून एक फिरवायचे. त्यांत आकाश पांढरं आणि तारे काळे दिसतात. तारे जागच्या जागी राहतात, सरकणारा ठिपका लघुग्रह असू शकतो. मुलं दोन आठवड्यांत कंटाळली. बाबा मात्र रोज जेवण झालं की खुर्ची ओढून बसायचे.

एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. "ह्यो बघ गो. हलता." इतका पुसट, की दहा वेळा फिरवल्यावर मला दिसला. मी कळवलं. उत्तर आलं, की हा माहितीतल्या यादीत नाही, पण पुन्हा कुठल्या दुर्बिणीला दिसला तरच नोंद पक्की होईल. बाबांनी ते उत्तर मला छापून आणायला लावलं.

तो पुन्हा कुणालाच दिसला नाही. पुढे चिलीतल्या नव्या दुर्बिणीने थोड्याच रात्रींत हजारो लघुग्रह टिपल्याची बातमी आली. बाबांनी विचारलं, "त्यात आमचो गावलो काय?" एकाच दिवसाच्या नोंदीवरून तसं सांगता येत नाही, हे मी त्यांना समजावलं. त्यांना ते पटलं नाही. ते जास्तच हट्टाने बघायला लागले.

आता प्रत्येक फोटोत त्यांना पाच-सहा काळे ठिपके सरकताना दिसायचे. मला एकही दिसायचा नाही. कडेला काहीतरी चमकतं, असंही ते म्हणाले, तेव्हा मी उठून खिडकीचा पडदा ओढला. शेवटी एकदा मी वैतागले. "बाबा, काही नाहीये तिथे. तुम्हाला उगाच दिसतंय." त्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं बोट काढून घेतलं. त्यानंतर ठिपक्यांचं नाव काढलं नाही.

तीन आठवड्यांनी चहा पिताना ते सहज म्हणाले, की उजव्या डोळ्यापुढे एका बाजूने अंधार सरकत येतोय. घाटकोपरच्या डॉक्टरांनी तपासलं. डोळ्याच्या आतला पडदा फाटून सुटला होता. ते ठिपके, ती चमक ही त्याचीच सुरुवात होती, तेव्हाच आणायला हवं होतं, असं डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले. डावा डोळा कारखान्यात लोखंडाचा कीस उडून केव्हाच अधू झाला होता. ऑपरेशन झालं, पण उजव्यातली नजर परत आली नाही.

बाबांनी मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर निदान माफी मागता आली असती.

परवा त्यांनी विचारलं, त्या नव्या दुर्बिणीचे फोटो कोण बघतं. मी सांगितलं, बहुतेक सगळं कॉम्प्युटरच शोधतो.

"मगे आमका फोटो कित्याक धाडीत होते?"

"माहीत नाही, बाबा."

ते उठले. मी हात पुढे केला, तर नको म्हणाले आणि भिंत चाचपत आपल्या खोलीत गेले.