अर्धी पोळी

खरं सांगते, त्या दिवसांत नर्मदा मैयावर माझा रागच होता. यांचं कारखान्यातलं ठेक्याचं काम सुटलं होतं आणि घमापुरातल्या आमच्या खोलीत पिठाचा डबा महिना संपायच्या आधीच रिकामा होत होता. पण कुणाला सांगेन तर शपथ! नाक वर करून जगायची माझी जुनी खोड. मी रात्रीचं जेवण सोडलं आणि जाहीर करून टाकलं, मैयाचा उपवास धरलाय. "काहून एवढे उपवास करून राहिली तू?" हे एकदा म्हणाले. "नवस आहे, मधे बोलू नका," म्हणून मी त्यांना गप्प केलं. देवाचं नाव घेतलं की पुढे कोणी विचारत नाही.

त्यात आमची पाच वर्षांची मनू वाळत चालली. तिच्या ताटात मी कधी कमी वाढलं नाही, तरी मुलांच्या क्लिनिकमध्ये दर खेपेला वजन उतरलेलंच. रक्त तपासून झालं, जंताचं औषध झालं, डॉक्टरांना काही सापडेना. माझा जीव टांगणीला लागला. पुढच्या तपासणीच्या दिवशी सकाळीच नर्मदेच्या ग्वारीघाटावर गेले आणि पाण्यात उभी राहून मैयाशी चक्क भांडले. "माझं काय घ्यायचं ते घे, पोरीला काहून हात लावते? काय चुकलं ते तरी सांग!"

त्या दिवशी डॉक्टरांनी औषध लिहिलंच नाही. "आज आमच्या दीदींशी बोला," म्हणाले. मुलांच्या त्या क्लिनिकमध्ये एक दीदी बसतात. घरात कोण कोण आहे, कमावतं कोण, पाणी कुठून येतं, सगळं विचारतात. त्यांनी माझ्या हातात प्रश्नांचा कागद दिला. 'घर में कभी राशन कम पड़ता है?' मी ठसक्यात 'नहीं'वर खूण केली. दीदींनी वाचलं. मनूला केळं सोलून दिलं. तिनं अर्धं खाल्लं आणि अर्धं सालीत गुंडाळून ठेवलं.

"पूरा नहीं खाना, बेटा?"

"मेरा उपवास है ना," मनू म्हणाली. "मम्मी का पूरा रहता है, मेरा आधा. मैं रात को आधी पोळी डब्बे में वापस रख देती हूँ. मैया खुश होगी तो पापा को काम देगी."

अगं आई गं! रोज सकाळी पोळ्यांच्या डब्यात सापडणारी ती अर्धी पोळी मीच तर खात होते, काल चुकून उरली असेल म्हणून. तिथंच, सगळ्यांसमोर, मी ढसाढसा रडले.

दीदींनी मला रडू दिलं. मग कागद पुन्हा पुढे सरकवला. "मैया को तो सब पता है जी. हमें तो आप बताएँगी तभी पता चलेगा." मी 'हाँ'वर खूण केली. त्यांनी आपला डबा उघडला, पराठा काढला आणि म्हणाल्या, "पहले आप." मी घास घेतला. मनू टक लावून बघत होती. मी गिळल्यावर तिनंही तोंड उघडलं.

पुढचं सगळं साधंच आहे. रेशनकार्डावर मनूचं आणि माझं नावच चढलेलं नव्हतं. दीदींनी अर्ज भरून दिला, नावं चढेपर्यंत क्लिनिकमधून डाळ-तांदूळ दिले. त्यांच्याच ओळखीनं यांना पनागरच्या एका भाजीवाल्याकडे गाडी चालवायचं काम मिळालं. मनूचे गाल पुन्हा भरले.

कोणी म्हणेल, योगायोग. म्हणोत बापडे. मी सकाळी विचारलं होतं काय चुकलं, आणि दुपारच्या आत माझ्याच लेकीच्या तोंडून उत्तर आलं. इतकी वर्षं मैयापुढे डोकं टेकत आले, पण तिनं पाठवलेल्या माणसापुढे 'हो, मला कमी पडतं' एवढं म्हणायला मान वाकत नव्हती. त्या दिवशी ती वाकली. दीदींचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

मागच्या आठवड्यात आम्ही तिघं ग्वारीघाटावर गेलो. मनूनं विचारलं, "मम्मी, आज उपवास?"

"नाही गं बाई. आज मैयासमोर बसून पोटभर जेवायचं."

पायरीवर बसून मी पोळीभाजीचा डबा उघडला. मनूनं पहिला घास माझ्या तोंडात घातला, मग स्वतः दोन पोळ्या खाल्ल्या. घरी येऊन डबा घासायला घेतला, तेव्हा आत काहीच उरलं नव्हतं.