बोराडेची भरलेली बाटली

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा माझं पोस्टिंग देवळाली कॅम्पला झालं. मी मूळचा पंचवटीचा. फौजेत घराजवळ पोस्टिंग म्हणजे लॉटरी, असं सगळे म्हणत. घरच्यांना वाटलं, आता हा रोज संध्याकाळी जेवायला येईल आणि येताना भाजीही आणेल. प्रत्यक्षात महिन्यातून एखादा रविवार मिळे.

तोफखान्याच्या एका बॅटरीत, म्हणजे तोफांच्या तुकडीत, मी हवालदार होतो आणि पीटी घेत असे, म्हणून सगळे मला उस्ताद म्हणत. पहाटे साडेपाचला फॉल-इन, मग धावणं, दोर, बीम, पुन्हा धावणं. जवान मनातल्या मनात मला काय म्हणत असतील ते मला ठाऊक होतं. मीही माझ्या उस्तादांना तेच म्हणत असे.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे नवे डॉक्टर आले. हुद्दा कॅप्टन, वयाने माझ्याहून लहान. एका शनिवारी त्यांनी सगळ्यांना लिंबाखाली बसवलं आणि विचारलं, "धावायला ताकद कुठून येते?"

"लंगरमधून, साहेब," मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"बरोबर," कॅप्टन साहेब म्हणाले. "लंगरमधली चपाती पोटात जाते, तिची साखर होते. ती रक्तात आणि स्नायूंत साठते. श्वासातला प्राणवायू ती साखर जाळतो आणि त्यावर पाय चालतात. एकदम जोरात पळालात की प्राणवायू पुरा पडत नाही. मग साखर अर्धवट जळते, मांड्या पेटतात, धाप लागते. रोज सराव केला की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकायला शिकतं आणि तेवढंच अंतर सोपं जातं. उस्ताद तुम्हाला छळतात ते यासाठी."

मला बरं वाटलं. इतकी वर्षं मी छळत होतो, पण कारण पहिल्यांदाच ऐकत होतो.

मग ते म्हणाले, "आता नीट ऐका. या जळण्यातला साधारण चौथा हिस्सा पाय हलवतो. बाकी सगळी नुसती उष्णता. ती घामावाटे बाहेर जाते आणि घाम पाण्याचा होतो."

पुढच्या रांगेतून नायक काशिनाथ बोराडे उठला. निफाडकडच्या एका खेड्यातला, उंच, हाडापेराने मजबूत. भरती व्हायच्या आधी त्याने एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मजुरी केली होती. "साहेब, तिथं बी असंच हाय. कोळसा जाळत्यात, पण गार करायला पाणी लय लागतं. पाणी थांबलं की मशीन बंद करत्यात."

"माणसाचं मशीन आपणहून बंद होत नाही, बोराडे," कॅप्टन साहेब म्हणाले. "जिद्दीचा माणूस तापत तापत चालत राहतो आणि एकदम पडतो."

बोराडे "जी साहेब" म्हणून खाली बसला. त्याला दोन वर्षांपूर्वी दहा जवानांचं सेक्शन मिळालं होतं. त्या दहा पोरांवर त्याचा भारी जीव. द्राक्षांच्या दिवसांत सुट्टीवरून येताना डोक्यावर पाटी घेऊन यायचा आणि आधी सेक्शनला वाटायचा. आम्हाला उरलं तर.

आता बाटलीचं सांगतो. त्या काळी फौजेत वॉटर डिसिप्लिन नावाची गोष्ट फार मानत. रूट मार्चला निघताना कमरेची बाटली काठोकाठ भरायची आणि परत येईपर्यंत तिला हात लावायचा नाही. आमचे सुभेदार साहेब एकाहत्तरला वाळवंटात होते. तिथे पाण्यावाचून माणसांचं काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं. म्हणून पाणी वाचवायची सवय लावलीच पाहिजे, असं त्यांचं ठाम मत होतं. मार्च संपला की ते प्रत्येक सेक्शन कमांडरची बाटली हलवून पाहत. ती भरलेली असली की सेक्शन पास. बाकीच्यांच्या बाटल्या ते बघत नसत. जसा कमांडर तसं सेक्शन, असं ते म्हणत.

मे महिन्यात फायरिंग रेंजच्या माळावर रूट मार्च होता. पाठीवर पूर्ण वजन, खांद्यावर रायफल. निघालो पहाटे, पण वाटेत एक गाडी अडकली आणि परतायला उशीर झाला. अकराच्या सुमारास माळावर सावलीचं नाव नव्हतं. मी सगळ्यात मागे होतो. बोराडेचं सेक्शन माझ्या पुढे होतं.

आधी त्याची पावलं चुकली. मला नवल वाटलं, कारण बोराडेचं पाऊल कधी चुकत नसे. मी जवळ जाऊन विचारलं, "काय रे, बरा आहेस ना?"

तो म्हणाला, "पाटी उतरवा, उस्ताद. द्राक्षं सडतील."

मी त्याच्या मानेला हात लावला. कातडी कोरडी आणि तव्यासारखी तापलेली. घाम थांबला होता. तेवढ्यात तो गुडघ्यांवर आला आणि आडवा झाला.

मी ओरडून मार्च थांबवला. सिग्नलवाल्याने वायरलेस सेट उघडला.

"हॅलो कंट्रोल, एक कॅज्युअल्टी, हीट स्ट्रोक. अॅम्ब्युलन्स पाठवा. ओव्हर."

"अॅम्ब्युलन्सला चाळीस मिनिटं लागतील. ओव्हर."

आम्ही त्याचे बूट, पट्टा, शर्ट काढले आणि ग्राउंडशीट धरून सावली केली. एकाने त्याच्या तोंडाशी बाटली नेली. मी त्या बाटलीवाल्याचा हात अडवला. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घातलं तर ते फुप्फुसात जातं. "अंगावर ओता आणि वारा घाला," मी म्हणालो. "सगळ्यांच्या बाटल्या इकडे."

त्याच्या दहा पोरांनी बाटल्या दिल्या. सगळ्या जवळजवळ रिकाम्या होत्या.

मी त्यांच्याकडे पाहिलं. एकजण मान खाली घालून म्हणाला, "बोराडे साहेबांनी प्यायला सांगितलं होतं, उस्ताद. डॉक्टर साहेब सांगतात ते खरं हाय म्हणाले. चेकिंगला माझी बाटली भरलेली दाखवतो, म्हणाले."

मी बोराडेच्या कमरेची बाटली सोडवली. ती काठोकाठ भरलेली होती. मला त्याचा भयंकर राग आला. एवढा राग मला शत्रूचाही कधी आला नाही. ती बाटली मी त्याच्या डोक्यावर, मानेवर, छातीवर ओतली. पुढच्या सेक्शन्सच्या बाटल्याही आल्या. सुभेदार साहेब धावत आले, सगळं पाहिलं आणि स्वतःची बाटली उघडून त्याच्या अंगावर रिकामी केली. मग टोपी काढून ते त्याला वारा घालत बसले, अॅम्ब्युलन्स येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात तो शुद्धीवर आला. आमच्या जिवात जीव आला. सिस्टरने परवानगी दिली तेव्हा मी त्याला चमच्याने पाणी पाजलं.

"चेकिंग झालं का, उस्ताद?"

"झालं."

"मग? पास ना?"

"पास," मी म्हणालो.

पण कॅप्टन साहेबांचा चेहरा मला दिसत होता. आतून तापलेल्या शरीराची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती, आणि ती परत सुरू करायचा इलाज तेव्हा आमच्याकडे नव्हता. तीन दिवसांनी नायक काशिनाथ बोराडे गेला.

पुढच्या रूट मार्चला सुभेदार साहेबांनी फॉल-इनमध्येच सगळ्यांना पाणी प्यायला लावलं. परतल्यावर त्यांनी प्रत्येकाची बाटली उलटी करून पाहिली. ज्याच्या बाटलीतून पाणी पडलं त्याला शिक्षा.

बोराडेचा देह घेऊन त्याच्या गावी मी गेलो होतो. सगळं आटोपल्यावर त्याची आई ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसली. तिने विचारलं, "त्याच्या तोंडात पाणी गेलं का, बाबा?"

"गेलं, आई. माझ्या हातानं पाजलं."

तिने मान हलवली. पदराने तोंड पुसलं.

"आन् त्याची पोरं? सुट्टीवर आला की त्यांचंच सांगत बसायचा. त्यांना तर काय झालं नाय ना?"

"नाही, आई," मी म्हणालो. "ती सगळी पाणी प्यायली होती."