कुलूपबाईंचे व्याही

मसाज पार्लरच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईंना आत काम करणाऱ्या बायकांनी ‘कुलूपबाई’ असं नाव ठेवलं होतं. पार्लर प्रौढांसाठीचं. लोक तिथे नुसती पाठ चोळून घ्यायला येत नाहीत, हे सगळ्या रस्त्याला माहीत होतं. बाईंचे नियम दोनच. आतली बाई नाही म्हणाली की नाही. मग गिऱ्हाईक कितीही मोठं असो. आणि गिऱ्हाइकाचं नाव या कानाचं त्या कानाला जायचं नाही. बाजारात एखादा समोर आलाच, तर बाई कांदे इतके निरखून बघायच्या की कांद्यांनाच संकोच वाटावा.

त्यांच्या मुलीने स्वतःच लग्न ठरवलं. मुलाचे आईवडील पहिल्यांदा घरी आले, बाईंनी दार उघडलं, आणि समोर दर मंगळवारी अकराला येणारे गृहस्थ उभे. गृहस्थांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

“या, या,” बाई म्हणाल्या. “घर सापडायला त्रास नाही ना झाला?”

चहा आला. मुलाच्या आईने विचारलं, “तुम्ही नोकरी कुठे करता?”

बाईंना स्वतःच्या कामाची लाज नव्हती. “मसाज पार्लरच्या काउंटरवर असते.”

“अगंबाई, मग यांना पाठवू का तुमच्याकडे? कंबर फार धरते हो यांची.”

गृहस्थांना असा ठसका लागला की बाईंच्या नवऱ्याला उठून त्यांची पाठ थोपटावी लागली.

“कंबरेचं डॉक्टरांना दाखवा,” बाई म्हणाल्या. “आमच्याकडे त्याला इलाज नाही.”

पुढची बोलणी भलतीच सोपी झाली. हॉल बाईंच्या घराजवळचा? चालेल. पाहुणे बाईंच्या बाजूचे दुप्पट? उत्तम. लग्नानंतर मुलगा इकडे राहायला आला तर? आनंद आहे. गृहस्थांची मान नुसती खालीवर होत होती. ते गेल्यावर बाईंचा नवरा म्हणाला, “काय देवमाणूस आहे.”

बाईंना मात्र रात्रभर झोप लागली नाही. आपण तोंड उघडलं नाही, धमकी दिली नाही, तरी आपल्या गप्प बसण्याची वसुली चाललीच होती. मग आपलं कुलूप प्रामाणिक कसं म्हणायचं?

पुढच्या भेटीत हॉल बघायला सगळे जमले, तेव्हा त्यांनी गृहस्थांना जिन्यात गाठलं.

“काउंटरवरचं काउंटरवर राहतं. तुम्ही माझ्याशी भांडलात तरी. तुम्ही घाबरून हो म्हणताय, आणि तसलं हो मला नको.”

गृहस्थांनी खाली-वर बघितलं. “नक्की?”

“नक्की.”

“मग खरं सांगू? हा हॉल म्हणजे गोदाम आहे.”

जीव भांड्यात पडल्यावर माणसाला असा कंठ फुटतो, हे बाईंना ठाऊक नव्हतं. गृहस्थ पाहुण्यांवर घसरले, खुर्च्यांवर घसरले, मुलाने घर सोडायला तर ठाम नाही म्हणाले. बाईंनीही पदर खोचला. दोन तास भांडण रंगलं. शेवटी हॉल त्यांच्या पसंतीचा ठरला, पाहुणे निम्मे झाले, आणि कुठे राहायचं ते आम्ही बघू, असं मुलांनीच दोघांना सुनावलं. घरी येताना बाईंचा नवरा म्हणाला, “देवमाणूस कसला, महावस्ताद आहे.” बाई त्या रात्री गाढ झोपल्या.

लग्न झालं. मंगळवारी अकराची जागा रिकामी राहू लागली. काही महिन्यांनी एका बारशाला व्याही बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले आणि हळूच म्हणाले, “गावाच्या पलीकडच्या टोकाला दुसरं एक पार्लर आहे. तिथला काउंटरवाला भर खोलीत आडनावाने हाक मारतो हो. काही रीतभात?”

“त्यांच्या मालकाकडे तक्रार करा,” बाई म्हणाल्या. “आणि जरा तो पाण्याचा ग्लास इकडे द्या.”